स्टिअरर शिकला, हे मोजायचं कसं?

मी वाशिमची. आमच्याकडे पाणी म्हटलं की एकबुर्जी धरण. तिथे जाळं टाकणाऱ्या काकांची होडी लहानपणापासून पाहिलेली, ड्रॅगन बोट मात्र कधीच नाही. तरी आज उदाहरण ड्रॅगन बोटीचंच घेते. सिनॉप्सिस लिहिताना आपण बहुतेक सगळे जी चूक करतो, ती इथे लख्ख दिसते.

आधी बोट समजून घ्या. ही मूळची चीनमधली लांबट होडी. १९७६ मध्ये हाँगकाँगला तिच्या आंतरराष्ट्रीय शर्यती सुरू झाल्या, २०१० च्या ग्वांगझू एशियाडमध्ये हा खेळ आला आणि २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग एशियाडमध्ये भारताचे संघही उतरले. मोठ्या बोटीत २० पॅडलर, पुढे ड्रमर, आणि मागे उभा राहून लांबलचक वल्ह्याने दिशा सांभाळणारा स्टिअरर. सांगलीला कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती पाहिल्या असतील तर थोडी कल्पना येईल.

आता थोडं गणित करू. घाबरू नका, बारावीचंच आहे. बोट १२ मीटर लांब, माणसांसकट वजन १,८०० किलो धरा. वजन लांबीभर सारखं पसरलंय असं मानलं तर जडत्व आघूर्ण येतं साधारण २१,६०० किलोग्रॅम-मीटर वर्ग. वल्ह्याच्या पात्यावर आडवं १०० न्यूटन बल लागलं आणि ते मध्यापासून ६ मीटरवर असलं, तर टॉर्क ६०० न्यूटन-मीटर. भागाकार करा: कोनीय त्वरण दर सेकंदाला दर सेकंद सुमारे १.६ अंश. म्हणजे पहिल्या सेकंदात बोट एक अंशसुद्धा वळत नाही! नवख्याला वाटतं, काहीच झालं नाही. तो आणखी जोर लावतो. तेवढ्याच बलाने तीन सेकंदांत ती सात अंश वळलेली असते, आणि हात सैल सोडला तरी फिरायची लगेच थांबत नाही. (पाण्याचा विरोध मी सोडून दिलाय, त्यामुळे आकडे ढोबळ आहेत. मुद्दा उशिराचा आहे.)

त्यात वल्हं उलटं चालतं. ते डाव्या बाजूला अडकवलेलं असतं. मूठ डावीकडे ढकलली की पातं उजवीकडे जातं, मागची बाजू डावीकडे सरकते आणि नाक उजवीकडे वळतं. एका तलावावर मला दोन मिनिटं मूठ धरायला दिली होती. मी बोट सरळ पाणकणसात घातली. मागून ओरडा सुरू झाल्यावर तर आणखीच आत.

तो ओरडा म्हणजेच आपला संशोधनाचा प्रश्न. कोच मागून "ढकल, सोड, ओढ" सांगत राहिला तर बोट छान सरळ जाते. मग तुम्ही दहा दिवस असं प्रशिक्षण दिलं, दहाव्या दिवशी मार्गापासूनचं विचलन मोजलं, ते घटलं, आणि लिहिलं 'कौशल्य वाढले'. वाढलं का? तुम्ही मोजली ती त्या दिवशीची कामगिरी. शिकणं वेगळं. कोच गप्प बसल्यावर, आठवड्याने, वारा आडवा असताना तो बोट कशी नेतो, हे शिकणं.

हा फरक शिया आणि मॉर्गन यांनी १९७९ मध्ये फार सुंदर दाखवला. लाकडी अडथळे ठराविक क्रमाने हाताने पाडायचे, असं साधंच काम. एका गटाने एकेक प्रकार सलग घोटला, दुसऱ्याने सगळे प्रकार उलटसुलट केले. सरावात पहिला गट पुढे. दहा दिवसांनी पुन्हा तपासलं तर दुसरा पुढे! सराव संपताच मोजून थांबले असते तर निष्कर्ष नेमका उलटा निघाला असता. सतत सूचना दिल्याने शिकणारा सूचनांवरच विसंबतो, हा मुद्दा पुढे १९८४ मध्ये सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी मांडला. मात्र अडथळे पाडणं आणि २० माणसांची बोट नेणं यात बराच फरक आहे, म्हणून हा निष्कर्ष बोटीला तसाच चिकटवू नका. तपासायला घ्या.

घेतलात तर दोन खड्डे आहेत. पहिला नमुन्याचा. एका क्लबात शिकाऊ स्टिअरर असतात चार-पाच. प्रत्येकाच्या ४० फेऱ्या मोजल्या म्हणून तुमचा एन २०० होत नाही, तो पाचच राहतो. एवढ्यांवर टी-टेस्ट लावून पी व्हॅल्यू शोधत बसण्यापेक्षा एकेकाची सुरुवातीची पातळी नोंदवा आणि प्रशिक्षण वेगवेगळ्या दिवशी सुरू करा. ज्याचं सुरू झालं त्याचाच आलेख बदलला तर बोलण्यात दम येतो. दुसरा खड्डा मोबाइलच्या जीपीएसचा. त्याची चूकच काही मीटरची असते, आणि तुम्हाला मोजायचंय तेवढंच विचलन. काठावरून किंवा ड्रोनने चित्रण केलेलं बरं.

आणि एक गोष्ट मेथडॉलॉजीच्या पुस्तकात सापडणार नाही. १४ सप्टेंबर २०२१ ला अमरावती जिल्ह्यात झुंज इथे वर्धा नदीत होडी उलटली आणि ११ जण गेले. ती शर्यतीची बोट नव्हती, पण पाणी तेच. 'कोच गप्प बसेल' हे तुमच्यासाठी चाचणीची अट असते, बोटीतल्या २० जणांसाठी नसते. माझा आराखडा मांडला तेव्हा समितीतल्या एका मॅडमनी एवढंच विचारलं, "तो चुकला तर वल्हं कोण धरणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आराखड्यात पहिल्या पानावर आहे: दहा पॅडलरची छोटी बोट, सगळ्यांना लाइफ जॅकेट, आधी पोहण्याची चाचणी, आणि कोच शिकाऊच्या हाताच्या अंतरावर.