अवकाश : शब्द एक, अर्थ अनेक

मधल्या सुटीची घंटा होण्याचाच अवकाश, की सारी मुले मैदानाकडे धाव घेतात. या वाक्यात 'अवकाश' या शब्दाचा अर्थ काय? विज्ञानाच्या पुस्तकात अवकाश म्हणजे पृथ्वीच्या वातावरणापलीकडचा अफाट प्रदेश. तेथे उपग्रह फिरतात, तेथून याने जातात. मग शाळेची घंटा आणि उपग्रह यांना एकत्र बांधणारा हा शब्द आहे तरी कसा?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला सोलापूरसारखे दुसरे गाव नाही. सोलापूर हे चार भाषांचे शहर आहे. मराठी तर आहेच. शेजारच्या कर्नाटकाची कन्नडही येथे पूर्वीपासून नांदते. ग्रामदैवत सिद्धेश्वर, म्हणजे बाराव्या शतकातील सिद्धराम, यांची वचने कन्नडमध्येच आहेत. तेलंगणातून आलेल्या विणकरांनी हातमागाबरोबर तेलुगू आणली आणि उर्दूही येथे घरोघरी बोलली जाते.

समजा, अशा गावातल्या एका वर्गात गुरुजींनी विचारले, "अवकाश म्हणजे काय?" मराठी घरातला मुलगा म्हणेल, "चंद्र, सूर्य, तारे असतात ती पोकळी." कन्नड घरातली मुलगी म्हणेल, "अवकाश म्हणजे संधी." तेलुगू बोलणारा तिला दुजोरा देईल, कारण तेलुगूतही 'अवकाशम्' म्हणजे संधीच. आणि नुकताच हिंदीचा तास आटोपून बसलेला विद्यार्थी म्हणेल, "छे, अवकाश म्हणजे सुट्टी! उन्हाळ्याच्या सुट्टीला हिंदीत ग्रीष्मावकाश म्हणतात." वर्गात हशा पिकेल. पण गंमत अशी की, यांपैकी कोणाचेही उत्तर चूक नाही.

मूळ कोठे आहे?

हा शब्द संस्कृतातून आला. 'काश्' या धातूचा अर्थ प्रकाशणे, दिसणे असा आहे. 'प्रकाश' आणि 'आकाश' हे शब्दही त्याच धातूपासून झाले. त्याला 'अव' हा उपसर्ग लागून 'अवकाश' झाला. संस्कृतात त्याचा मुख्य अर्थ मोकळी जागा, मधली जागा असा आहे. दोन वस्तूंच्या मध्ये जी रिकामी जागा राहते ती अवकाश.

आता पाहा, रिकामी जागा जशी स्थळात असते तशी काळातही असते. दोन कामांच्या मधला मोकळा वेळ हाही अवकाशच. हिंदीने हा अर्थ उचलला आणि अवकाश म्हणजे सुट्टी, रजा असे ठरले. कन्नड आणि तेलुगूने वेगळी दिशा धरली. जेथे मोकळी जागा आहे तेथे आपल्याला शिरता येते, काही करता येते. म्हणून अवकाश म्हणजे संधी. मराठीत आपण "सुधारणेला वाव आहे" म्हणतो, त्यातला 'वाव' याच जातीचा. मराठीने मात्र काळाचा अर्थ बोलण्यात ठेवला आणि स्थळाचा अर्थ विज्ञानाला दिला. "गाडी यायला अजून अवकाश आहे" यात वेळ आहे, आणि 'अवकाशयान' या शब्दात जागा आहे. घंटेच्या वाक्यातही घंटा होण्यापुरताच काय तो वेळ मध्ये आहे, असा भाव आहे.

आणखी एक शब्द आपण रोज वापरतो, पण त्यात अवकाश दडला आहे हे ध्यानात येत नाही. तो शब्द म्हणजे 'सावकाश'. स + अवकाश, म्हणजे अवकाशासह. ज्याच्याजवळ मोकळा वेळ आहे तो सावकाश चालतो! कन्नडमध्येही 'सावकाश' याच अर्थाने वापरतात. म्हणजे जे शेजारी 'अवकाश' शब्दावर वेगळे झाले, ते 'सावकाश'पाशी पुन्हा भेटले.

युरोपात काय घडले?

हा प्रकार केवळ आपल्याकडेच घडला असे समजू नका. लॅटिन भाषेत 'स्पातिउम' म्हणजे जागा, अंतर आणि काळाचा अवधीसुद्धा. त्यापासून फ्रेंचमध्ये 'एस्पास' आणि फ्रेंचमधून इंग्रजीत 'स्पेस' आला. दोन शब्दांच्या मध्ये सोडतात ती जागाही स्पेस आणि रॉकेट जाते तीही स्पेस. डच लोकांनी लॅटिनकडे न जाता आपलाच 'राउम्ते' हा शब्द घेतला. त्याचा अर्थ मोकळी जागा. इंग्रजीतला खोली या अर्थाचा 'रूम' हा शब्द त्याचा जवळचा नातलग! डचमध्ये अवकाशप्रवासाला जो शब्द आहे, त्याचा शब्दशः अर्थ 'मोकळ्या जागेतले नौकानयन' असा होतो.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत युनियनने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. त्यानंतर पृथ्वीबाहेरच्या प्रदेशासाठी रोजच्या वापरातला शब्द सर्वच भाषांना हवासा झाला. मराठीने 'अवकाश'बरोबर 'अंतराळ'ही वापरला. हिंदी व तेलुगू यांनी 'अंतरिक्ष', कन्नडने 'बाह्याकाश' आणि उर्दूने 'खला' हा शब्द घेतला. यांतील 'अंतराळ' म्हणजे मुळात मधले अंतर. हिंदीत 'अंतराल' आजही दोन घटनांमधला काळ दाखवतो. वेदांतले 'अंतरिक्ष' म्हणजे पृथ्वी आणि द्युलोक यांच्या मधला प्रदेश. अरबीतून आलेल्या 'खला'चा अर्थ रिकामेपणा. हिंदी-उर्दूतला रिकामा या अर्थाचा 'खाली' शब्द त्याच मुळाचा. विश्वातील सर्वांत अफाट गोष्टीला माणसाने बहुतेक ठिकाणी 'मधली रिकामी जागा' एवढेच साधे नाव दिले!

विज्ञानाला याचे काय?

तुम्ही म्हणाल, शब्दांची ही गंमत भाषेच्या तासाला ठीक आहे. विज्ञानाच्या मासिकात ती कशाला? कारण असे की, विज्ञानात शब्दाचा अर्थ नेमका असावा लागतो. अवकाश कोठे सुरू होते? वातावरण एकाएकी संपत नाही, ते विरळ होत जाते. म्हणून समुद्रसपाटीपासून १०० किलोमीटर उंची ही सीमा सामान्यतः मानतात. ही रेघ निसर्गाने आखलेली नाही, माणसांनी सोयीसाठी ठरवली आहे. आणि अवकाश म्हणजे रिकामी जागा असली तरी ती पूर्णपणे रिकामी नसते. वायूचे तुरळक कण, धूळ आणि प्रारणे तेथे असतातच. शब्दाच्या मूळ अर्थावर विसंबणारा येथे फसेल.

भाषांतर करताना तर फारच जपावे लागते. १९६९ साली स्थापन झालेल्या 'इस्रो'चे मराठी नाव 'भारतीय अवकाश संशोधन संस्था'. ते जसेच्या तसे हिंदीत वाचले तर? हिंदीत अवकाश म्हणजे सुट्टी आणि संशोधन म्हणजे दुरुस्ती! सुट्ट्यांची दुरुस्ती करणारी ही कोणती संस्था, असे एखाद्याला वाटेल. म्हणून हिंदीत तिचे नाव 'भारतीय अंतरिक्ष अनुसंधान संगठन' असे आहे. उलट, सोलापूरचा मराठी विद्यार्थी शंभरेक किलोमीटरवरच्या विजयपूरला, म्हणजे पूर्वीच्या विजापूरला गेला आणि तेथे 'उद्योगावकाश' असा मथळा कोणी त्याला वाचून दाखवला, तर अवकाशात कारखाने निघाले की काय, असे त्याला वाटायचे. प्रत्यक्षात ती असते नोकरीच्या संधीची बातमी.

यातून ध्यानात ठेवायचे ते एवढेच. शब्दाचा अर्थ त्याच्या अक्षरांत कोरलेला नसतो. तो वापरणाऱ्या लोकांनी मिळून ठरवलेला असतो. म्हणून सारखा दिसणारा शब्द भेटला की आधी विचारावे, "हा कोणत्या भाषेतला? कोणत्या विषयातला?"

शिक्षकांनाही एक विनंती. ज्या वर्गात अनेक घरभाषांची मुले आहेत, तेथे "अवकाश म्हणजे संधी" असे उत्तर आले तर त्यावर नुसती फुली मारू नये. त्या मुलीला आपल्यापेक्षा एक अर्थ जास्त ठाऊक आहे. तिचा अर्थ फळ्यावर लिहावा आणि शेजारी विज्ञानातला अर्थ लिहावा. दोन्ही अर्थ समोर असले की मूल गोंधळत नाही. फुली पाहून मात्र ते पुढच्या वेळी हात वर करत नाही.

आता तुमच्यासाठी काम. 'शिक्षा', 'प्रपंच', 'उपन्यास' आणि 'संसार' हे चार शब्द घ्या. मराठी, हिंदी, कन्नड आणि तेलुगू बोलणाऱ्या मित्रांना त्यांचे अर्थ विचारा आणि वहीत तक्ता करा. घाई नको, सावकाश करा. पुढची घंटा व्हायला अजून अवकाश आहे!