दाराचा सेन्सर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नाशिकच्या पंचवटीत काळाराम मंदिराभोवतीच्या जुन्या वाड्यांना दोन झडपांची जाडजूड लाकडी दारे आहेत, तर हिरावाडी किंवा दिंडोरी रोडच्या इमारतींत लाकडी दारापुढे लोखंडी सेफ्टी डोअर असते. दोन्हीकडे काडेपेटीएवढा तोच सेन्सर बसतो, पण बसवण्याची रीत मात्र एक नाही. या उपकरणाला एकच गोष्ट कळते: लोहचुंबक जवळ आहे की नाही. त्यातून अर्थ काढायचे काम आपले आहे, आणि गैरसमज होतात ते तिथेच.

गैरसमज: सेन्सर ‘बंद’ दाखवतो, म्हणजे घर सुरक्षित आहे.

वस्तुस्थिती: आत बहुधा रीड स्विच असतो. बेल लॅबोरेटरीजच्या वॉल्टर एलवुड यांनी तो १९३६ साली घडवला. काचेच्या बंद नळीतल्या दोन बारीक पट्ट्या लोहचुंबक जवळ आले की एकमेकींना टेकतात, दूर गेले की सुटतात. दाराला कडी घातली आहे की ते नुसतेच लोटले आहे, हे या पट्ट्यांना कळणे शक्य नाही. मग कडी-कुलूपच काय वाईट, असे कोणी विचारेल. कडी अडवते, सेन्सर कळवतो. एकाचे काम दुसऱ्याने होत नाही. विस्मरणाचा आजार जडलेले आजोबा मध्यरात्री स्वतःच कडी काढून रामकुंडाकडे निघाले, तर घरच्यांना जागे करायला कडीचा उपयोग नाही, सेन्सरचा आहे.

गैरसमज: दारावर कुठेही चिकटवला तरी चालतो.

वस्तुस्थिती: सेन्सर आणि लोहचुंबक यांच्यातले चालणारे अंतर बहुतेक वेळा दीड-दोन सेंटिमीटरच असते. पावसाळ्यात लाकूड फुगते, दार चौकटीत नीट बसत नाही. उन्हाळ्यात ते आक्रसते. म्हणून माहितीपत्रकात दिलेल्या अंतराच्या निम्म्यातच दोन्ही भाग बसवावेत. दोन झडपांच्या दारात जी झडप आधी उघडते तिच्यावर लोहचुंबक आणि वर चौकटीवर सेन्सर लावावा. सेफ्टी डोअरचे लोखंड चुंबकीय क्षेत्र स्वतःकडे ओढून घेते आणि चालणारे अंतर आणखी घटते. तिथे दोन्ही भागांखाली लाकडाची किंवा प्लास्टिकची पट्टी द्यावी. जुन्या, खडबडीत लाकडावर चिकटपट्टी टिकत नाही, तिथे बारीक स्क्रूच बरा.

गैरसमज: एकदा ॲपमध्ये जोडला की काम संपले.

वस्तुस्थिती: खरे काम तिथून सुरू होते. होम असिस्टंटसारख्या स्मार्ट-होम प्रणालीत दाराच्या सेन्सरची ‘ऑन’ स्थिती म्हणजे दार उघडे. हे उलटे धरले, तर सगळे नियमच उलटे चालतात. प्रत्येक उघडझापीची सूचना मागणेही चुकीचे. सिंहस्थ कुंभमेळ्यात घर पाहुण्यांनी भरले की फोन दिवसभर वाजत राहील आणि नेमकी महत्त्वाची सूचना दुर्लक्षिली जाईल. ‘दार सलग दहा मिनिटे उघडे राहिले तर’ आणि ‘रात्री अकरानंतर उघडले तर लगेच’ असे दोन नियम बहुतेक घरांना पुरतात. बॅटरी संपलेला सेन्सर काही तास शेवटची स्थितीच दाखवत राहतो, तेव्हा बॅटरी कमी झाल्याची सूचना वेगळी लावावी.

गैरसमज: इंटरनेट गेले की सेन्सर निकामी.

वस्तुस्थिती: झिग्बी या बिनतारी पद्धतीचा सेन्सर घरातल्या हबशी, म्हणजे सगळे सेन्सर जोडणाऱ्या यंत्राशी, थेट बोलतो. नियम हबवरच चालत असतील तर घरातली घंटा इंटरनेटविना वाजते. बाहेरगावी असलेल्याच्या फोनवर सूचना मात्र जाणार नाही. वीज गेली तरी हे चालावे म्हणून हब आणि घंटा इन्व्हर्टरवर हवेत. वाड्याच्या जाड भिंतींमुळे संदेश अडतो. बॅटरीवरचे सेन्सर एकमेकांचा संदेश पुढे नेत नाहीत. मधल्या खोलीत विजेवर चालणारा झिग्बी प्लग लावला की तो नेतो.

एवढी खटपट कशाला, असे वाटेल. पण चुकीचे ‘बंद’ दाखवणारा सेन्सर नसलेल्या सेन्सरपेक्षा घातक असतो, कारण त्याच्या भरवशावर माणूस दार बघायला उठत नाही. म्हणून बसवल्यावर दार बोटभर उघडून पाहा, राउटर बंद करून पाहा, सेन्सरची बॅटरी काढून पाहा. आणि पावसाळा सुरू झाला की हेच पुन्हा करा.