जबड्याचा सांधा का कुरकुरतो?

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. बोटाखाली हलतो तो जबड्याचा सांधा. तो बिजागरीसारखा फिरतो, शिवाय पुढे सरकतोही. दोन हाडांमध्ये एक लवचिक चकती असते. ती पुढे घसरली असेल, तर तोंड उघडताना जागेवर येते आणि ‘कट्’ वाजते. नुसता आवाज आहे, दुखत नाही? मग उपचार नकोत.

दुखणे बहुधा चावण्याच्या स्नायूंचे असते. झोपेत दात खाणे, तणावात दात आवळून धरणे, सतत च्युइंगगम चघळणे ही नेहमीची कारणे. कळ कानात जाते, म्हणून बरेच जण आधी कानाच्या डॉक्टरांकडे पोचतात.

एरवी ओठ मिटलेले, पण दात सुटे असावेत. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय हाच! काही दिवस पेज, मऊ खिचडी. चिक्की, ऊस, कडक भाकरी बंद. 10-15 मिनिटे शेक. जांभई देताना हनुवटीला हाताचा आधार. दंतवैद्याने दिलेले रात्रीचे गार्ड दातांची झीज वाचवते, सवय मात्र मोडत नाही. दात झिजवून चावा ‘जुळवण्याची’ घाई टाळाच.

सुपारी-गुटखा खाणाऱ्याचे तोंड कमी उघडू लागले, तर दोष सांध्यावर ढकलू नका. ती तोंडाच्या अस्तराची, कर्करोगाकडे झुकणारी व्याधी असू शकते. लगेच तपासून घ्या. आणि जबड्यासोबत छाती दुखत असेल, घाम फुटला असेल, तर दंतवैद्य नव्हे, 108 ला फोन करा.