घासू नका, उजेड फिरवा

विंचूर म्हटलं की विठ्ठल शिवदेव आठवतात. पानिपतावर लढून जिवंत परतलेले आणि १७६७ साली वारलेले पेशवाईतले सरदार. निफाड तालुक्यातल्या या गावासारख्या जुन्या ठिकाणी समाधी, छत्री किंवा वीरगळ (लढताना पडलेल्या वीराचा स्मृतिदगड) यांच्यावरची पुसट अक्षरं वाचायचा मोह होतो. मग कोणीतरी खडू आणतो, कोणी पीठ, कोणी तारेचा ब्रश.

दगड घासला की अक्षर उघडं पडतं, हा सर्वांत महागात पडणारा समज. खडूला टाकीचा घाव आणि नंतर पडलेला ओरखडा यांतला फरक कळत नाही. ज्याच्या मनात आधीच ‘९’ असतो तो ‘९’च गिरवतो. पीठ दगडाच्या बारीक छिद्रांत अडकून बुरशीला पोसतं. आपला काळा बेसाल्ट टणक आहे, त्याला काय होणार, असंही म्हणतात. पण उन्हापावसाने त्याचेही पापुद्रे सुटतात, आणि उथळ कोरलेलं अक्षर त्या पापुद्र्यावरच असतं. ब्रशने तो निघाला की लेख कायमचा गेला.

खरं काम उजेड करतो. भर दुपारी समोरून उजेड पडला की दगड सपाट दिसतो. सकाळी किंवा दिवस कलताना किरण दगडाला चाटून जातात, तेव्हा खाचेत सावली भरते. उत्तरेकडे तोंड असलेल्या दगडावर ऊन फारसं येतच नाही. तिथे अंधार पडल्यावर टॉर्च दगडालगत आडवी धरावी. एकाच बाजूने उजेड टाकून भागत नाही. डावी-उजवीकडून काना दिसतो, शिरोरेषा मात्र हरवते, कारण रेघेच्या दिशेने आलेल्या उजेडात तिची सावलीच पडत नाही. म्हणून वरून आणि खालूनही उजेड हवा. कॅमेरा न हलवता प्रत्येक वेळी फोटो घ्यावा. संगणकावर असे अनेक फोटो एकत्र करून लेख वाचण्याची पद्धतही याच तत्त्वावर चालते. ओला कागद ठोकून शाईचा ठसा घेणं हे जाणकाराचं काम आहे, आणि पापुद्रे सुटलेल्या दगडावर तर त्यानेही ते करू नये.

‘एक आकडा गेला म्हणजे साल गेलं’ हेही खरं नाही. समजा ‘शके १६८’ एवढंच वाचता आलं, पुढचा अंक झिजला, पण ‘विक्रम संवत्सर’ शिल्लक आहे. संवत्सरांची नावं साठ वर्षांनी फिरून येतात, त्यामुळे त्या दशकात विक्रम एकदाच येतो: शके १६८२. म्हणजे पानिपतचंच वर्ष. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हा सरधोपट नियम मात्र इथे फसतो. पानिपतची लढाई पौष शुद्ध अष्टमीची, १४ जानेवारी १७६१ची. १ जानेवारी उलटल्यावर फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. म्हणून महिना आणि तिथी वाचायचा कंटाळा करू नये.

जुनं मराठी म्हणजे मोडी, असं समजून दगडावर मोडी शोधणारे पुष्कळ. मोडी ही कागदावर झरझर चालणाऱ्या लेखणीची लिपी. दगडावर बहुधा देवनागरीच असते, फक्त शब्द सलग कोरलेले असतात. शिवाय अनेक वीरगळांवर मुळातच अक्षर नसतं. खालच्या चौकटीत लढाई, मध्ये अप्सरांसोबत स्वर्गारोहण, वर शिवलिंगाची पूजा, असं ते चित्रांतूनच वाचायचं. गाढवाचं शिल्प असलेला गद्धेगाळ तर थडगंच नव्हे. दान दिलेली जमीन लुबाडणाऱ्याला दिलेली ती शापवाणी.

जीर्णोद्धाराचा ऑइलपेंट मला फार अस्वस्थ करतो. रंगारी चुकीचा वाचलेला अंक रंगाने पक्का करतो आणि पुढची पिढी तोच खरा धरते. डबा उघडण्याआधी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा, दगडाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते लिहा. न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्या, अंदाज नको. आणि हे फोटो व वाचन पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला दाखवा.