सिस्टरच्या शब्दाचे माप

ताप मोजायला थर्मामीटर आहे, रक्तदाब मोजायला यंत्र आहे. पण सिस्टर रुग्णाशी कशी वागली, हे कशाने मोजायचे?

आमच्या वस्तीतल्या एका आजींना इस्पितळातून घरी आणताना अभिप्रायाचा फॉर्म पुढे आला. रात्री पाणी मागितले तेव्हा त्यांना "गप पडा" एवढेच ऐकावे लागले होते. तरी त्या म्हणाल्या, "बाळा, चांगलंच लिही. परत इथंच यायचंय." मी तसेच लिहिले. ती माझी चूक झाली.

अमेरिकेत रुग्ण घरी गेल्यावर किमान दोन दिवसांनी त्याला विचारतात : परिचारिका आदराने वागल्या का? तुमचे म्हणणे लक्ष देऊन ऐकले का? समजेल असे सांगितले का? उत्तरे चार : कधीच नाही, कधीकधी, बहुतेक वेळा, नेहमी. रुग्णालयवार निकाल २००८ पासून जाहीर होतात. आपल्याकडेही केंद्र सरकारने २०१६ साली 'मेरा अस्पताल' ही योजना आणली. तिच्यात फोन, एसएमएसवरून रुग्णाचे मत घेण्याची सोय केली.

बौद्धांना हे माप नवे नाही. विनयपिटकातील महावग्गात कथा आहे. अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले, उचलून खाटेवर निजवले. मग चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले : औषध तयार करता येणे, पथ्य-अपथ्य कळणे, लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणे, मलमूत्राची किळस न बाळगणे आणि धम्माच्या बोलण्याने रुग्णाचे मन प्रसन्न करणे. यांतले शेवटचे तीन गुण वागण्या-बोलण्याचेच आहेत.

तिथेच रुग्णाचेही गुण सांगितले आहेत. त्यांतला एक म्हणजे आपला त्रास आहे तसा सांगणे. आजी आणि मी तिथेच कमी पडलो.

मात्र परिचारिकांत आपल्याही लेकी आहेत. एकटीवर अख्खा वॉर्ड टाकला तर गोड शब्द कुठून सुचणार? म्हणून फॉर्मवर त्या पाळीत किती सिस्टर होत्या, तेही लिहा. जिने मायेने हात धरला, तिच्याबद्दल आवर्जून लिहा. विहारातील शिकलेल्या मुलामुलींनी निरक्षर आजी-आजोबांचे फॉर्म त्यांना विचारून, त्यांच्याच शब्दांत भरून द्यावेत.

खरे लिहिले तरच माप खरे ठरेल.

जय भीम!