लेदर सीट शिवायला पहिलं मशीन कोणतं घ्यावं?

पालममध्ये बाइकच्या सीट, सोफे शिवायचं काम सुरू करताय? मोटरची ताकद विचारण्याआधी मशीन माल ओढतं कसं, ते पाहा.

साध्या मशीनमध्ये फक्त खालचे दाते माल सरकवतात. लेदर, रेक्झिन फूटला चिकटतं, वरचा थर मागे राहतो. उसवलं तर लेदरवरची भोकं बुजत नाहीत. तुकडा वाया जातो.

'कंपाउंड फीड' मशीनमध्ये सुई, फूट आणि दाते एकत्र सरकतात. सोबत सर्व्हो मोटर असली की वळणं सावकाश शिवता येतात.

घेण्याआधी आपलं लेदर, फोम आणि जाड दोरा दुकानात नेऊन चार थर शिवून बघा. टोकं जुळली तरच पैसे द्या.

२०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत पात्र शिंपी, चर्मकारांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते.