दलितांचे उद्योग आणि बाजारातील पत

व्यापारात भांडवलाचे महत्त्व सर्वच जाणतात. परंतु पतीचे महत्त्व त्याहून अधिक आहे. पैसा कर्जाने मिळतो, पत मात्र बहुधा वडिलोपार्जित असते. दलित समाजातील जे तरुण आज दुकान वा कारखाना काढू पाहतात, त्यांच्या अडचणींचे मूळ येथे आहे.

आमच्या बीड जिल्ह्यातील जुन्या गावगाड्याकडे पाहावे. चांभार मोटा व वहाणा शिवी. मांग दोर, कासरे वळी. कसब उत्तम होते. पण मोबदला खळ्यावरच्या धान्याच्या रूपाने मिळे. मालाचा भाव ठरविणे, उधारी वसूल करणे, पेठेत नाव मिळविणे या विद्या त्यांच्यापर्यंत पोहोचल्याच नाहीत. पुढे मोटेची जागा पंपाने घेतली, दोराची नायलॉनने, आणि कसबही निरुपयोगी झाले. गहाण ठेवण्यास जमीन नाही, जामीन राहण्यास ऐपतदार आप्त नाही. अशा भूमिहीनास सहज मिळणारे ऋण म्हणजे ऊसतोडीच्या मुकादमाची उचल. ती सर्वच जातींचे मजूर घेतात. परंतु तिने धंदा उभा राहत नाही, माणूस मात्र कोयत्याशी जखडला जातो.

विद्येने हे सर्व पालटेल, असे कोणी म्हणेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत व लंडनमध्ये अर्थशास्त्राचे अध्ययन करून १९१७ साली परतले. मुंबईत त्यांनी शेअर-रोख्यांविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. जात कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली व तो बंद पडला. विद्या होती, बाजाराने पत दिली नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारने पुष्कळ उपाय योजिले. महाराष्ट्रात १९७८ साली महात्मा फुले महामंडळ स्थापन झाले. २०१२ च्या केंद्रीय धोरणाने सार्वजनिक खरेदीपैकी शेकडा ४ भाग अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून घ्यावा असे ठरविले. २०१६ साली निघालेल्या ‘स्टँड-अप इंडिया’ योजनेत १० लाखांपासून १ कोटीपर्यंत कर्जाची सोय होती. पण आरंभी खर्चाच्या चौथ्या हिश्शापर्यंत रक्कम कर्जदाराने उभारावयाची होती. ज्याच्या घरी कधी शिल्लकच पडली नाही, त्याने ती कोठून आणावी? या अडचणींतून वाट काढण्यासाठी श्री. मिलिंद कांबळे यांनी २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांची ‘डिक्की’ ही संस्था काढली. अकोला जिल्ह्यातील श्रीमती कल्पना सरोज यांनी तर बुडीत निघालेली कमानी ट्यूब्ज ही कंपनी सावरली. कर्तृत्वाची वाण नाही, हे यावरून स्पष्ट होते.

कोणी म्हणेल, खऱ्या कर्तृत्ववानास आधार कशाला? आपल्याच समाजातील थोर उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे उदाहरण घ्या. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या अधिपतींनी त्यांना माळरान दिले, कर्जही दिले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणरावांचे कर्तृत्व त्यामुळे उणे ठरत नाही. परंतु त्यांच्यावर विश्वास ठेवणारा कोणी तरी होता, हे विसरू नये.

आज प्रत्येक कुटुंब थोडेबहुत औंधकरांचे काम करू शकते. गाळा भाड्याने देताना आडनावावरून नकार देऊ नये. माल पारखून घ्यावा, विक्रेत्याची जात पारखू नये. बिल वेळेवर चुकवावे, आणि काम चोख असल्यास चार घरी नाव सांगावे. यात उपकार कसलाच नाही. सचोटीने धंदा करणाऱ्या इतरांवर आपण जो विश्वास ठेवतो, तोच येथेही ठेवावयाचा आहे.